शंभरची नोट नेमकी कुणाच्या हातात?

प्रश्न : साताऱ्यात असताना मी घराशेजारच्या पार्लरवाल्या काकूंकडे जायचे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आलो आणि आता कोथरूडच्या एका मोठ्या सलूनमध्ये जाते. गेल्या महिन्यात ग्लोबल कलर (सगळ्या केसांना एकच रंग) आणि कट केला, बिल झालं ५,८८० रुपये. पैसे देताना काउंटरवर म्हटलं, "शंभर टीपचे जास्त घ्या," आणि यूपीआयने ५,९८० पाठवले. बाहेर पडताना पाहिलं, तर जिने माझे केस धुतले, वाळवले ती मुलगी खुर्चीखालचे केस झाडत होती. "पुन्हा या मॅडम," म्हणून हसली. त्या शंभरातलं तिला काही मिळणार आहे का, हेच मला कळेना. मैत्रीण म्हणते, दहा टक्के द्यायलाच हवेत. नवरा म्हणतो, पगार मिळतो ना त्यांना, मग वर कशाला? तो गल्लीतल्या सलूनमध्ये १२० रुपयांत केस कापून येतो आणि वेगळं काही देत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ॲपवरून ब्युटीशियन घरी येते. तिला किती? दिवाळीत किती? आणि डिसेंबरात मी बहिणीकडे न्यू जर्सीला जातेय, तिथे म्हणे टीप न देऊन चालतच नाही. एकदा नीट आकडे सांगा.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आकडा आधी सांगतो. त्या दिवशी तुम्ही तिघांना मिळून ३५० रुपये दिले असते, तर ते अगदी योग्य झालं असतं. कट करणाऱ्याला १००, रंग लावणाऱ्याला १०० आणि त्या मुलीला १५०. सगळ्यांत जास्त तिला का, ते पुढे येईलच.

मैत्रिणीचा दहा टक्क्यांचा हिशेब आपल्याकडच्या सलूनला बसत नाही. तुमचंच बिल उलगडून पाहा. ग्लोबल कलर ४,५०० आणि कट १,१०० धरला, तर झाले ५,६००. त्यावर ५ टक्के जीएसटी २८०. एकूण ५,८८०. दहा टक्के काढले तर ५८८ होतात, पण यात तुम्ही सरकारी करावरही टीप देताय आणि रंगाच्या ट्यूबवरही. केस खांद्यापर्यंत असतील तर दोन ट्यूब पुरतात, कमरेपर्यंत असतील तर चार लागतात आणि बिल त्या प्रमाणात फुगतं. सलूनचं भाडं, एसी, आरसे, सगळं त्याच बिलात असतं. यातल्या कशालाच टीप लागत नाही. टीप असते ती हातांसाठी. म्हणून बिलाचे टक्के काढण्यापेक्षा आपल्या डोक्याशी किती हात राबले आणि किती वेळ राबले, ते मोजा.

पुण्या-मुंबईच्या मध्यम आणि मोठ्या सलूनसाठी माप सोपं आहे. एका माणसाचा अर्ध्या तासापर्यंतचा वेळ गेला तर ५० रुपये, तासाभराला १००, दीड तासाला १५० आणि अख्खी दुपार गेली तर २०० ते २५०. हे दर माणशी. सलून फारच महागडं असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर दुप्पट करा. लहान शहरात निम्मं केलं तरी चालतं.

आता तुमच्या रंगाच्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने आठवून पाहा. आधी वाटीत रंग कालवला गेला. बऱ्याच कंपन्यांच्या रंगात एका ट्यूबला दीडपट डेव्हलपर (रंग चढवणारं पेरॉक्साइडचं क्रीम) पडतो. एकदा कालवला की रंगाची रासायनिक क्रिया तिथेच सुरू होते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात सगळ्या डोक्याला लागलाच पाहिजे. उशीर झाला, तर आधी लावलेला भाग गडद होतो आणि शेवटी लावलेला फिका राहतो. म्हणून लांब किंवा दाट केसांना रंग लावताना दोघं लागतात. एका बाजूला कलरिस्ट, दुसऱ्या बाजूला हेल्पर. त्यानंतर साधारण ३५ मिनिटं रंग मुरायला. मग वॉश. त्यात रंग पूर्ण निघेपर्यंत पाणी, मग शाम्पू, कंडिशनर, मानेवर आणि कानामागे लागलेले डाग पुसणं. हे वीस मिनिटांचं काम आणि सगळं वाकून. मग स्टायलिस्ट येतो, ओल्या केसांवर चाळीसेक मिनिटं कट करतो आणि पुढच्या खुर्चीकडे जातो. त्यानंतर ब्लोड्राय. अर्धा किलोच्या आसपासचा ड्रायर एका हातात, गोल ब्रश दुसऱ्या हातात आणि दोन्ही हात खांद्याच्या वर, अर्धा तास.

आता बेरीज करा. कट करणाऱ्याचा वेळ चाळीस-पन्नास मिनिटं. कलरिस्टचा साधारण तेवढाच. आणि त्या मुलीचा, म्हणजे रंगाची दुसरी बाजू, वॉश, ब्लोड्राय आणि शेवटी तुमच्या खुर्चीखालचा केर, दीड तासाहून जास्त. पगार बहुतेक ठिकाणी हिचाच सर्वांत कमी असतो. हातात दिवसभर पाणी, शाम्पू आणि रंग, त्यामुळे बोटांच्या पेरांना भेगा पडतात. ग्लोव्ज फाटले की नवे मिळतीलच असं नसतं. पुढच्या वेळी वॉशला डोकं मागे टेकाल, त्याआधी तिच्या बोटांकडे एकदा पाहा. नखांच्या कडेला तपकिरी रंग बसलेला दिसेल. तो पुसून जात नाही, नख वाढेल तसा निघतो.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पगार देणं मालकाचं काम आहे, ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडू नये. आपल्याकडे टीप सक्तीची नाही आणि ती कुणी मागूही नये. पण पगार म्हणजे काय, तेही समजून घ्या. मोठ्या सलूनमध्ये स्टायलिस्टला ठरलेला पगार असतो आणि महिन्याला एक टार्गेट. त्याने केलेल्या कामाचं बिल पगाराच्या काही पट झालं की वरच्या रकमेवर इन्सेंटिव्ह सुरू होतो. शाम्पू, सीरमची बाटली विकली तर त्यावर वेगळं कमिशन. म्हणून तर कट करता करता "तुमचे केस फार ड्राय आहेत" सुरू होतं. हेल्परच्या नावावर मात्र सहसा बिलच फाटत नाही. वॉश आणि ब्लोड्राय स्टायलिस्टच्या सर्व्हिसमध्येच धरलेले असतात, त्यामुळे तिने दिवसाला दहा डोकी धुतली काय आणि वीस काय, इन्सेंटिव्ह शून्य. तिला वरकड मिळणारा पैसा म्हणजे टीप. एखाद्या महिन्यात हात आखडता असेल, तर स्टायलिस्टला मनापासून "छान झालाय कट" म्हणा आणि पन्नास रुपये हेल्परच्या हातावर ठेवा. क्रम उलटा करू नका.

आणि हो, स्टायलिस्टला खूश करायला १,२०० रुपयांची बाटली घेऊ नका. त्यातून त्याला जे कमिशन मिळेल, त्यापेक्षा शंभराची नोट त्याला जास्त कामाची. बाटली हवी असेल तरच घ्या.

आता तुमच्या शंभराचं काय झालं असेल? काउंटरवरचा क्यूआर सलूनच्या खात्याचा असतो. त्यावर आलेले ५,९८० खात्यात एक रक्कम म्हणून जमा होतात. त्यातले शंभर वेगळे काढायची जबाबदारी काउंटरवरच्या माणसाची. पुढे काय होतं, ते सलूनवर आहे. चांगल्या सलूनच्या बिलिंगमध्ये टीपचा वेगळा रकाना असतो, तिथे कर्मचाऱ्याचं नाव टाकतात आणि पैसे त्याच रात्री गल्ल्यातून किंवा पुढच्या पगारात मिळतात. काही ठिकाणी सगळ्या टिपा एका डब्यात जातात आणि महिन्याच्या शेवटी हुद्द्याप्रमाणे वाटल्या जातात. त्यात सीनिअरचा वाटा मोठा आणि शेवटी लागलेल्या हेल्परचा सगळ्यांत लहान. आणि काही ठिकाणी नोंदच होत नाही, पैसे दिवसाच्या धंद्यात मिसळून जातात. तिथे कुणी मुद्दाम हडप केलेले असतात असं नाही. संध्याकाळी सहाला काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असताना शंभर रुपये कुणाचे, हे लक्षातच राहत नाही.

म्हणून काउंटरवर द्यायचेच झाले तर दोन गोष्टी करा. बिल वेगळं आणि टीप वेगळी, असे दोन व्यवहार करा, एकत्र पाठवू नका. आणि नाव घेऊन विचारा, "वॉश आणि ब्लोड्राय केला त्या मुलीच्या नावावर टाकताय ना? तिला कधी मिळतील?" उत्तर पटकन आणि स्पष्ट आलं, तर तिथली पद्धत ठीक आहे. "देतो आम्ही मॅडम" असं मोघम आलं, तर पुढच्या वेळी रोख.

रोखच सगळ्यांत उत्तम. पण रोख द्यायचं ठरवूनही लोकांकडून राहून जातं, कारण साधं आहे. तुम्हाला केप घातलेला असतो, पर्स लॉकरमध्ये किंवा पलीकडच्या हुकावर. ज्याला द्यायचं तो त्याचं काम संपताच दुसऱ्या खुर्चीवर जातो, आणि एटीएममधून आलेल्या बहुतेक नोटा पाचशेच्या. तेव्हा आदल्या दिवशी शंभराच्या तीन आणि पन्नासाच्या दोन नोटा काढून ठेवा आणि केप घालण्याआधी कुर्त्याच्या किंवा जीन्सच्या खिशात घाला. रंग लावून झाल्यावर कलरिस्ट ग्लोव्ज काढतो, ती त्याला द्यायची वेळ. कट करणाऱ्याला, तो मागून आरसा धरून दाखवतो तेव्हा. हेल्परला ब्लोड्राय संपून केप सोडताना. वॉशच्या वेळी देऊ नका, तिचे हात ओले असतात आणि नोट एप्रनच्या खिशात भिजते.

देताना नोट उजव्या हातात, दुमडलेली, नाव घेऊन द्या. नाव आधी विचारून ठेवा. "हे तुमच्यासाठी" एवढं पुरे. आरशासमोरच्या फळीवर ठेवून जाऊ नका. ती आधी कुणाच्या नजरेला पडेल, सांगता येत नाही आणि त्यावरून त्यांच्यात वाद होतात. एकाच्या हातात देऊन "सगळ्यांनी वाटून घ्या" हेही टाळा. वाटणारा सीनिअर असतो आणि हेल्पर त्याच्याकडे हिस्सा मागायला जात नाही. कुणाच्या एप्रनच्या खिशात स्वतःहून नोट सरकवणं तर अजिबात नको. हेल्पर जेवायला गेली असेल, तर पाकिटावर तिचं नाव लिहून, बंद करून काउंटरवर द्या.

अलीकडे बरेच जण म्हणतात, "तुझा स्कॅनर दे ना, थेट पाठवतो." हेतू चांगला असतो, पण थांबा. काही सलूनमध्ये कामावर असताना स्वतःच्या खात्यावर पैसे घ्यायला बंदी असते आणि तुमच्या पन्नास रुपयांपायी तिची नोकरी अडचणीत येते. दुसरं म्हणजे यूपीआयवर पूर्ण नाव दिसतं, बऱ्याचदा मोबाइल नंबरही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला अनोळखी गिऱ्हाइकाकडे आपला नंबर जायला नको असतो, आणि "नाही" म्हणणं तिला जड जातं. पुरुष गिऱ्हाइकांनी तर हे मागूच नये. तिने स्वतःहून दाखवला तर गोष्ट वेगळी.

केस सरळ, मऊ करणारं स्मूदनिंग किंवा केराटिन केलंत, तर याच मापाने चला, फक्त तास जास्त मोजा. स्मूदनिंगला चार-पाच तास सहज जातात. क्रीम, ते मुरणं, धुणं, वाळवणं, मग बोटभर रुंदीची एकेक बट घेऊन प्रेसिंग, मग न्यूट्रलायझर, परत धुणं, परत वाळवणं. केराटिनमध्ये दोनशे अंशांच्या वर तापलेली मशीन प्रत्येक बटेवरून सात-आठ वेळा फिरते. काही द्रावणांतून त्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो. तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं ते एकदा, प्रेसिंग करणाऱ्याच्या डोळ्यांत तो धूर आठवड्यातून कितीतरी वेळा जातो. अशा दिवशी दोघांना प्रत्येकी २०० ते २५० द्या. बिल आठ हजारांचं असो की कूपन लावून पाच हजारांचं, तास तेवढेच लागतात, म्हणून टीपही तेवढीच. प्रीपेड पॅकेज घेतलं असेल तर हे खास लक्षात ठेवावं लागतं. पैसे आधीच भरलेले असतात, काउंटरवर थांबायचं कारण नसतं आणि टीप हमखास विसरते.

थ्रेडिंगला दहा-वीस रुपये पुरेत. मालकीण स्वतः खुर्चीवर असेल, तर टीपची गरज नाही. दर तिने ठरवलेला असतो आणि नफा तिचाच. तुमच्या साताऱ्याच्या काकूंकडे टीप नव्हती, त्यात काही कमी नव्हतं. अशा ठिकाणी दोन गोष्टींना जास्त किंमत असते : घासाघीस करू नये आणि "पुढच्या वेळी देते" म्हणू नये.

बिल जरा नीट वाचायची सवयही लावा. सलूनच्या सेवेवर आधी १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, पण त्यात सलूनला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी मूळ दर थोडे चढले. तुमच्याच ५,६०० वर आधी १,००८ रुपये कर पडला असता, आता २८० पडतो. म्हणजे वर सांगितलेल्या ३५० च्या दुप्पट पैसे इथेच वाचले. बिलावर अजूनही १८ टक्के लागत असतील तर विचारा. आणि "सर्व्हिस चार्ज" किंवा "स्टाफ वेल्फेअर" अशा नावाने काही जोडलेलं असेल, तर ते कुणाला जातं ते विचारा आणि पटलं नाही तर काढायला सांगा. तो चार्ज भरला असेल, तर वर टीप द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. फक्त हेल्परला तेवढे पन्नास द्या, कारण त्या चार्जमधलं तिच्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते.

काम बिघडलं तर? टीप न देता गप्प निघून जाणं हा सगळ्यांत निरुपयोगी मार्ग. कुणाला काही कळत नाही आणि तुमचे केस तसेच राहतात. रंग कुठे लागला नसेल, मुळांशी वेगळा दिसत असेल, कट एका बाजूला लांब असेल, तर खुर्चीतून उठण्याआधी सांगा. घरी गेल्यावर दिसलं, तर दिवसाउजेडी, खिडकीशी फोटो काढा (सलूनच्या पिवळ्या दिव्यात रंग खरा दिसत नाही) आणि दोन-तीन दिवसांत फोन करा. बरीच सलून आठवडाभरात आलात तर पैसे न घेता दुरुस्त करून देतात. उशीर केला की "तुम्ही घरी कोणता शाम्पू वापरलात?" सुरू होतं. दुरुस्तीच्या खेपेला बिल नसतं, म्हणून त्या तासाचा कुणाच्याच टार्गेटमध्ये हिशेब नसतो. तेव्हा ज्याने नीट करून दिलं, त्याला पहिल्या दिवशी दिली नसेल ती टीप त्या दिवशी द्या. आणि चूक कट करणाऱ्याची असेल, तर हेल्परचे पैसे कापू नका. तिने केस नीटच धुतले होते.

नवऱ्याच्या सलूनकडे येऊ. गल्लीतल्या दुकानात दोन-तीन खुर्च्या असतात. एकीवर मालक, बाकीच्यांवर कारागीर. कारागिराला बऱ्याचदा पगार नसतो, टक्केवारी असते, बरेचदा निम्मानिम्म. १२० च्या कटिंगमध्ये त्याचे ६० आणि गिऱ्हाईक आलं नाही तर काहीच नाही. नवऱ्याने १५० द्यावेत आणि "राहू दे" म्हणावं. या तीस रुपयांनी कारागिराची त्या डोक्यामागची कमाई दीडपट होते, एवढं त्यांना सांगा. पण खुर्चीवर मालक आहे की कारागीर, ते पाहावं, आणि कारागीर असेल तर १२० गल्ल्यात देऊन तीस त्याच्या हातात द्यावेत. दीडशे एकत्र गल्ल्यात गेले की तिथेही तुमच्या शंभरासारखंच होतं. कटिंगनंतर त्याने न मागता पाच मिनिटं डोकं चोळून दिलं, तर आणखी वीस. मात्र चंपी सुरू करण्याआधी तिचे पैसे वेगळे आहेत का, ते विचारून घ्यावं, म्हणजे शेवटी दोघंही अवघडत नाहीत.

दिवाळीचं वेगळं. तिला टीप म्हणू नका, ती पोस्त. गावगाड्यात नाभिक बारा बलुतेदारांतला. वर्षभर घरातल्यांची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. तो त्याचा हक्क होता, कुणाची मेहेरबानी नव्हे. दिवाळीची पोस्त त्याच भावनेने द्यावी. दर महिन्याला जाणाऱ्याने नेहमीच्या कारागिराला एका कटिंगएवढे पैसे द्यावेत, म्हणजे सव्वाशे-दीडशे. खुर्चीवर मालकच असेल तरी पोस्त चालते, तिथे टीपचा नियम लागत नाही. तुमच्या सलूनमध्ये नेहमीच्या स्टायलिस्टला ३०० ते ५००, हेल्परला २०० ते ३००. दोन-तीन महिन्यांतून एकदाच जात असाल, तर निम्मे. दिवाळीच्या चार दिवसांत सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि बरेच कारागीर लक्ष्मीपूजनाच्या आधी गावी निघतात. म्हणून आठवडाभर आधीच्या खेपेलाच द्या, तिकिटाला, मुलांच्या कपड्यांना उपयोगी पडतात. मिठाईचा पुडा द्यायचा तर पैशांबरोबर, पैशांऐवजी नको. त्या दिवसांत त्यांच्याकडे पुडे खूप जमतात.

सासूबाईंकडे येणाऱ्या ब्युटीशियनला दर खेपेला ५० ते १०० द्या. ॲप तिच्या कामातून आपला वाटा कापतं आणि दोन घरांमधला तासभर प्रवास कुणी मोजत नाही. वॅक्स हीटर, टॉवेल, डिस्पोजेबल चादरी, बाटल्या असं सगळं भरलेली बॅग घेऊन ती जिने चढते. लिफ्ट बंद असेल तर तिला आधी कळवा, खाली कुणाला तरी पाठवा. प्लग चालू आहे ना, पाठ टेकायची खुर्ची उजेडात आहे ना, ते पाहून ठेवा. पाणी, चहा विचारा. बाथरूम वापरू द्या, दिवसभर परक्या घरांतून फिरणाऱ्या बाईला ते विचारणं फार कठीण जातं. "ॲप सोड, थेट ये, पैसे जास्त देते" असं म्हणू नका. ते उघड झालं तर तिची आयडी बंद होते. काम चांगलं असेल तर पूर्ण पाच स्टार द्या. चारला आपण "चांगलं" समजतो, पण बऱ्याच ॲपवर चारने तिची सरासरी खाली येते आणि पुढची कामं कमी मिळतात. ॲपमध्ये टीपचं बटण असतं, पण हातात दिलेले पैसे तिला संध्याकाळी रिक्षाला वापरता येतात.

न्यू जर्सीत हे सगळं माप बाजूला ठेवा. तिथे बिलाचेच टक्के चालतात, कराआधीच्या रकमेवर १५ ते २० टक्के. ८० डॉलरच्या कटला १२ ते १६. डोकं धुणारी वेगळी असेल तर तिला ३ ते ५ डॉलर रोख. अमेरिकेत टिपेवर काम करणाऱ्यांसाठी केंद्रीय कायद्याने मालकाला रोख मजुरी ताशी २.१३ डॉलरपर्यंत खाली आणता येते, एरवीची किमान मजुरी ७.२५ आहे. फरक टिपांनी भरून निघावा, असं गृहीतच धरलेलं असतं. काही राज्यांनी, त्यात न्यू जर्सीही आलं, स्वतःचे दर याहून वर ठेवलेत, पण रीत सगळीकडे तीच. कार्डाच्या मशीनवर १८, २०, २५ असे पर्याय समोर येतात. गोंधळू नका, "कस्टम" दाबून हवा तो आकडा घालता येतो. एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी पार्लरमध्ये थ्रेडिंग केलंत तरी दोन-तीन डॉलर ठेवा. भाषा आपली असली तरी रीत तिथलीच आहे. परत आल्यावर मात्र तिथले टक्के कोथरूडला लावू नका.

राहता राहिला तो गेल्या महिन्यातला शंभर. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांत मुळांचा टचअप करायला तुम्हाला जावंच लागेल. त्या खेपेला अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा की वॉशला तीच मुलगी हवी, आणि तिचं नाव विचारून घ्या. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतंय, हे मॅनेजरच्या कानावर जाणं तिच्यासाठी मोलाचं असतं. हेल्परची स्टायलिस्ट होते ती यातूनच. टचअपला तिचा तासभर जाईल, त्याचे शंभर. मागचे दीडशे त्यात घाला. "मागच्या वेळी तुम्हाला द्यायचे राहिले होते," असं म्हणून अडीचशे रुपये तिच्या हातात द्या, हात कोरडे झाल्यावर.